हरणाचा वाटा

गेल्या नाताळात आमचा भाचा सुट्टीवर आला होता. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ॲलेगेनी नावाचे मोठे सरकारी जंगल आहे. त्याला लागून असलेल्या एका लहानशा गावात तो गेली नऊ वर्षे राहतो. रात्रीची जेवणे झाल्यावर ओटीवर बसून त्याने मोबाइलमधले फोटो दाखवायला घेतले. बर्फ, लाकडी घर, थोरलीचा पहिला कम्युनियन, चर्चबाहेरचा गोठा, असे एकेक पाहता पाहता एक फोटो असा आला की आमच्या सौ.नी चष्मा सारखा करून मोबाइल जवळ ओढला. नारिंगी जाकीट घातलेला भाचा गुडघ्यावर बसला आहे आणि त्याच्यापुढे बर्फावर शिंगांचे एक मोठे हरीण मरून पडले आहे. भाच्याच्या चेहऱ्यावर मात्र भरलेले जाळे ओढल्यावर आपल्या माणसांच्या तोंडावर असते तशी खुशी.

"अरे, हे काय केलंस?" सौ. म्हणाल्या.

"मामी, दर वर्षी एक. रीतसर लायसन्स काढून. वर्षभराचं मांस घरात येतं."

शेजारचा मुलगा आमच्या युवक मंडळात आहे. तो लगेच म्हणाला, "इथे केलं असतंस तर आत गेला असतास."

"म्हणजे तिथे चालतं आणि इथे पाप? देव दोन आहेत का रे?" भाचा हसत म्हणाला.

प्रश्न थट्टेत आला, पण थट्टेत गेला नाही. मिस्सानंतर फादरांच्या कानावर घातला, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही जंगलाच्या कडेला राहता, तुम्हीच लिहा पत्रिकेत." फादरांनी आम्हालाच का सांगितले असावे याचे एक कारण आम्हाला ठाऊक आहे. ते पुढे येईलच.

आधी भाच्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण आपल्याकडे 'शिकार' म्हटले की राजेमहाराजे नाहीतर चोर, याशिवाय तिसरे काही डोळ्यांपुढे येत नाही. ॲलेगेनीचे जंगल १९२३ साली राष्ट्रीय वन म्हणून घोषित झाले. पाच लाख एकरांहून अधिक जमीन, आणि ती साऱ्या जनतेची. त्या आधीच्या पन्नास वर्षांत तिथली झाडे कंपन्यांनी तोडून नेली होती आणि हरणे लोकांनी मारून संपवली होती. १९०० सालच्या सुमारास सगळ्या पेनसिल्व्हेनियात हरीण दिसणे मुश्कील झाले. लांडगे आणि तिथला डोंगरी सिंह यांचा त्याआधीच निकाल लागलेला. मग १९०६ पासून दुसऱ्या राज्यांतून हरणे आणून सोडली, शिकारीवर बंधने घातली, आणि तोडलेल्या जंगलात जी कोवळी पालवी फुटली ती खाऊन हरणे वाढली. इतकी वाढली की त्यांनी जंगलच खायला घेतले. झाडाचे रोप वीतभर उगवले की हरीण ते खुडते. हरणांना नकोसा असलेला नेचा तेवढा मागे राहतो. भाचा सांगत होता की काही ठिकाणी मैलभर चालले तरी म्हातारी झाडे आणि खाली नेचा, मधल्या वयाचे झाड नाही. तरुण मुले शहरात गेलेल्या गावासारखे.

म्हणून तिथे शिकार हा सरकारच्या हिशेबाचा भाग आहे. जमीन केंद्र सरकारची, हरणांचा कारभार राज्याच्या आयोगाकडे, आणि हा आयोग १८९५ पासूनचा. किती नर, किती माद्या, कोणत्या भागात, कोणत्या दिवसांत, हे ठरलेले. हरीण पडले की त्याच्या कानाला चिठ्ठी बांधायची आणि आयोगाला कळवायचे. नारिंगी कपडे घालायचे, ते दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्यालाच हरीण समजू नये म्हणून. बंदुकीचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी सुरू होई आणि त्या दिवशी तिथल्या अनेक शाळांना सुट्टी असे. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो. ज्यांना मांस जास्त होते ते गरिबांसाठी देतात, आणि त्याकरिता १९९१ पासून त्या राज्यात एक चांगली व्यवस्था चालू आहे. भाच्याने एका वर्षी अख्खे हरीण दिले.

आम्हाला गंमत वाटली ती रविवारची. रविवारी हरणाची शिकार करायची नाही, असा नियम त्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या होता. २०२० पासून वर्षातले मोजके रविवार मोकळे केले आणि २०२५ साली कायदा करून ती बंदी काढून टाकण्यात आली. भाचा आता शनिवारी संध्याकाळीच मिस्सा घेऊन मोकळा होतो. सौ. त्यावर काही बोलणार होत्या, पण आपल्याकडे रविवारी सकाळी क्रिकेटचे सामने कुठे आणि किती वाजता भरतात हे आठवून गप्प बसल्या.

आता मूळ प्रश्न. जनावराला मारणे हेच पाप असेल तर भाचा दोषी आणि आपण सगळे त्याहून दोषी. डुकराच्या इंद्यालाशिवाय आपल्याकडे लग्नाचा मांडव उठत नाही. ज्या कोंबड्या आपण खातो त्यांनी सहा आठवड्यांच्या आयुष्यात ऊन पाहिलेले नसते. भाच्याचे हरीण चार वर्षे मोकळे हिंडले, वाऱ्याला नाक लावून उभे राहिले आणि एका गोळीत गेले. त्या हरणाला आणि आपल्या कोंबडीला निवड करायला सांगितली असती तर कोंबडीने काय निवडले असते, हे सांगायला धर्मपंडित नको. तेव्हा हरणाचे डोळे सुंदर म्हणून हळहळायचे आणि रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभे राहायचे, ही दया खरी नव्हे.

पवित्र शास्त्रही इथे भाबडे नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला अन्न म्हणून धान्य, भाजीपाला, फळे दिलेली आहेत. मांसाची परवानगी येते ती नवव्या अध्यायात, जलप्रलयानंतर, आणि तीही रक्ताची अट घालून. जणू देवाने माणसाचा स्वभाव पाहून सवलत दिली, पण सवलतीला कुंपण घातले. अनुवादाच्या पुस्तकात खाण्यास योग्य प्राण्यांमध्ये हरणाचे नाव आहे. आंधळा इसहाक मरणापूर्वी आपल्या थोरल्याकडे शिकारीचेच जेवण मागतो. आणि त्याच अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे, जो आम्हाला अलीकडे फार मोठा वाटू लागला आहे. वाटेत पाखराचे घरटे सापडले तर पिल्ले घ्या, पण आईला पिल्लांसकट घेऊ नका, तिला जाऊ द्या. खाणाऱ्या माणसाला सांगितलेला हा नियम आहे. खाऊ नको असे त्यात म्हटलेले नाही. उद्यासाठी काही सोड, एवढेच म्हटले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही त्याच वाटेने जाते. अन्नासाठी, वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करता येतो, पण त्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक जीवाला त्याची स्वतःची किंमत आहे, ती माणसाच्या उपयोगावर ठरत नाही, असे त्यांनी लिहिले. धर्मगुरूंच्या बाबतीत तर १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने शिकारीला सरळ मनाई केली होती. म्हणजे त्या काळी काही धर्मगुरू बाजपक्षी आणि कुत्रे घेऊन फिरत असणार, नाहीतर मनाई कशाला? शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांची आख्यायिकाही ऐकण्यासारखी आहे. शुभ शुक्रवारी सगळे चर्चमध्ये असताना हा सरदार शिकारीला गेला आणि ज्या सांबराच्या मागे घोडा टाकला त्याने वळून पाहिले, तर शिंगांच्या मध्ये क्रूस. ह्युबर्टने शिकार टाकली, पुढे तो बिशप झाला, आणि शिकार टाकलेल्या या माणसाला जगाने शिकाऱ्यांचा संत करून टाकले! ३ नोव्हेंबरला त्याचा सण येतो. ते क्रूसवाले सांबर आज एका जर्मन दारूच्या बाटलीवर आहे. आपल्या काही वाचकांनी ते तिथे पाहिले असेल.

तर मारणे हे मुळातच पाप नाही, असे आम्ही धरून चालतो. मग हरीण कोणाचे? भाच्याने घेतले ते कोणाचे घेतले?

आमचे घर महामार्गाच्या पूर्वेला, तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या कुंपणापासून जंगल दहा मिनिटांच्या चालीवर. २००३ साली त्याचे अभयारण्य झाले, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. दक्षिणेला खाडीच्या बाजूने नागल्याचे जंगल आणि पलीकडे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. मध्ये रस्ते, रेल्वे, खाडी असूनही बिबट्याच्या लेखी हे सगळे एकच रान आहे. आमच्या लहानपणी आजोबांकडे भाताच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना होता. दिवाळीच्या आधी रानडुक्कर पडले की आळीत वाटे व्हायचे. भेकर पडले तर वाटे लहान, पण त्याची चव दोन दिवस बोलली जाई. तेव्हा कोणी 'हे कोणाचे' असे विचारले नाही. शेतात आले ते आपले.

१९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. तरी काही जातींच्या शिकारीचे परवाने देण्याची सोय त्यात होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने संपली. आज अभयारण्यात हरीण मारले तर कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे. फास लावणे ही शिकारच, त्यात काही पडो न पडो. मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकराला आणि रोह्याला मारण्याची वाट राज्य सरकारने २०१५ साली परवानगीच्या अटीवर उघडली, हरणाला मात्र नाही. शेतकऱ्याने पंचनामा करावा, अर्ज भरावा आणि वाट पाहावी. आम्ही दोनदा भरला आहे. वाट पाहण्याचा भाग आम्हाला चांगला जमतो.

पण हे जंगल सरकारचे कधी झाले, हेही विसरता येत नाही. इंग्रजांनी राखीव जंगलाच्या रेघा ओढल्या तेव्हा त्या रेघांच्या आत माणसे राहत होती. ठाणे जिल्ह्यातून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८५ साली वनविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. राजाचे रान आणि रयतेची भूक हे भांडण आपल्याकडचेच नव्हे. इंग्लंडात एके काळी राजाचे हरीण मारणाऱ्याचा जीव नाहीतर हातपाय जात. १२१७ च्या वनसनदेने ती शिक्षा बंद केली आणि दंड नाहीतर कैद ठेवली. हरणापायी माणसाचा जीव घेऊ नये, एवढे ठरायला सनद लागली. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना जमीन, लाकूडफाटा, मध, तेंदू, मासळी यांवरचे पिढीजात हक्क दिले. शिकारीचा पिढीजात हक्क मात्र त्याच कायद्याने नाव घेऊन वगळला. वारली माणसाला रान परत मिळाले, रानातले जनावर नाही. हे चूक झाले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्याकडून घेतले त्याला ते देणे जड गेले असेल, एवढे तरी आपल्या लक्षात असावे.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात अडखळतो.

आमच्या शेतावर आवणीला आणि कापणीला वरच्या पाड्यातला एक वारली गडी बरीच वर्षे येत असे. २०११ सालच्या श्रावणात एका संध्याकाळी, पाऊस लागलेला असताना, तो सागाच्या पानात बांधलेला पुडा घेऊन मागच्या दाराशी आला. "बोकडाचा हाय," म्हणाला आणि हसला. बोकडाचा नव्हता. मांसाचा रंग आणि धागा आम्हाला लहानपणापासून ओळखीचा. सौ.नी कांदा परतून, घरचा मसाला लावून ते शिजवले आणि आम्ही सर्वांनी खाल्ले. आजोबांची आठवण काढून खाल्ले. त्याने काही मागितले नव्हते. आम्ही आपण होऊन त्याच्या हातात दोनशे रुपये ठेवले.

तोवर तो वाटा होता. रानात मिळाले, शेजाऱ्याला दिले. आमच्या दोनशे रुपयांनी त्याची किंमत झाली. पुढच्या वर्षी पुडे तीनदा आले. मग मुंबईचे पाहुणे यायचे होते, तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "काही मिळालं तर बघ." चार शब्द. आवाजही चढवला नाही.

२०१३ च्या फेब्रुवारीत तो सापडला. पिशवीत मांस, आणि मोटरसायकलच्या क्लचच्या तारेचे सात फास. वनखात्याच्या लोकांनी त्याला विचारले, कोणासाठी? त्याने कोणाचे नाव घेतले नाही. सतरा दिवस तो आत होता. जामिनाला सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस हवा होता. त्याची बायको आमच्या दारात आली. ओटीच्या पायरीवर बसली, वर आली नाही. आम्ही तिला "उद्या बघू" असे म्हणालो. उद्या एका जाणत्या नातेवाइकाला विचारले. तो म्हणाला, यात पडू नका, उलटे अंगावर येईल. परवा आम्ही घरी नव्हतो, म्हणजे होतो, पण दार लावलेले होते. शेवटी नाक्यावरच्या एका दुकानदाराने आपला सातबारा दिला. तो आपल्या धर्माचा नाही. त्या मधल्या दोन्ही रविवारी आम्ही रांगेत उभे राहून ख्रिस्तप्रसाद घेतला.

उपवासकाळात पापनिवेदनाला गेलो. आम्ही सांगितले, "फादर, बेकायदेशीर मांस खाल्ले." जाळीच्या पलीकडून थोड्या वेळाने प्रश्न आला, "आणि त्या माणसाचे काय?" आम्ही त्याच्याबद्दल एक शब्दही बोललो नव्हतो. मांस कोणी आणून दिले असेलच, एवढे फादरांनी धरले होते. आम्हाला तेवढेही सुचले नव्हते. आम्ही पाप मोजत होतो ते हरणाच्या वजनाने.

नंतर तो गडी पुन्हा कामावर येऊ लागला. आम्ही क्षमा मागितली. त्याने मान हलवली आणि विळा घासत बसला. आपण असे बोललो की समोरच्याने काहीतरी मोठे बोलावे अशी आपली अपेक्षा असते. तो बोलला ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल, आणि तेही काही महिन्यांनी. त्या सात फासांपैकी एकात आधी एक मादी पडली होती. पोटात पाडस होते. फास गळ्यात न पडता पोटाला आवळला, आणि तो तिसऱ्या दिवशी पोचेपर्यंत ती जिवंत होती. "बापाच्या टायमाला जाळी लावत, मानसं उभी राहत, मादी आली त सोडत," तो म्हणाला. "तारेला काय कळतं?"

भाच्याच्या प्रश्नाचे आमचे उत्तर बरेचसे इथे आहे. बंदूक धरलेला माणूस पाहतो, थांबतो, मादी की नर हे ओळखतो, आणि कधी कधी बंदूक खाली करतो. तार थांबत नाही. तिच्यात भेकर पडते, कुत्रा पडतो, बिबट्याही पडतो. घरट्यातल्या आईला सोडण्याचा जो शास्त्राचा नियम, तो तारेला पाळताच येत नाही, म्हणून तार लावणाऱ्यालाही येत नाही. आणि आमच्यासारख्या मागणाऱ्याला तर तो पाळावाच लागत नाही, कारण आम्ही रानात जातच नाही.

दुसरे असे की ॲलेगेनीत लांडगा नाही. त्याचा वाटा रिकामा पडला आहे आणि भाचा त्या रिकाम्या पाटावर बसून जेवतो. इथे पाटावर बिबट्या बसलेला आहे. बोरिवलीच्या उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्याच्या पाहण्या झाल्या, त्यांत वस्तीतले कुत्रे हा त्यांच्या आहाराचा मोठा भाग निघाला. रानातले त्याचे ताट जेवढे आपण रिकामे करू तेवढा तो आपल्या ओटीजवळ येईल. २००४ साली उद्यानाच्या कडेला बिबट्यांनी माणसे मारली, त्यामागे इतर कारणेही होती, आणि दुसरीकडून पकडलेले बिबटे आणून सोडणे हे त्यातले एक सांगितले जाते. पण ज्या पाड्यात पोर अंगणात झोपते तिथल्या आईला ही कारणे सांगून उपयोग नाही. भेकराचा पुडा आम्ही खाल्ला आणि त्याचे बिल कदाचित ती भरणार, हा हिशेब आम्हाला तेव्हा दिसला नाही.

तर देव दोन नाहीत. कृत्यही दिसायला एकच आहे, हरीण पडते आणि माणूस जेवतो. पण भाच्याने घेतले ते सर्वांनी मिळून ठरवलेल्या मापाने, उजेडात, स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधून. आम्ही घेतले ते मागच्या दाराने, दुसऱ्याच्या नावावर, आणि चिठ्ठी बांधण्याची वेळ आली तेव्हा दार लावून. हे भाच्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने मान्य केले की तिकडेही सगळे चिठ्ठी बांधत नाहीत, रात्री गाडीच्या दिव्यावर मारणारे आहेत, आणि नुसती शिंगे कापून धड टाकून जाणारेही आहेत. त्यांच्याशी त्याचे जमत नाही. पण आपण त्यांची तक्रार कधी केली नाही, हेही त्याने सांगितले. शेजारी आहेत म्हणाला.

ज्यांच्या घरी अजून पुडे येतात त्यांना आम्ही ओळखतो. धर्मग्रामात आहेत, बाहेरही आहेत, आणि महामार्गावरच्या काही जेवणघरांत 'स्पेशल' विचारणारे तर मोटारीतून येतात. त्यांना आम्ही उपदेश करत नाही, तो अधिकार आम्ही २०१३ साली घालवला. एवढेच विचारतो, की आणून देणारा उद्या सापडला तर तुमचा सातबारा तुम्ही द्याल का? द्याल तरी मांस बेकायदाच राहील. पण निदान जेवताना तो प्रश्न ताटाशेजारी असू द्या.

निघताना भाच्याने विचारले, "मामा, पुढच्या वेळी सुकवलेलं हरणाचं मांस आणू का? तिकडे अगदी कायदेशीर आहे." आम्ही नको म्हणालो. त्याला वाटले कस्टमची भीती. सौ.नी विषय बदलला.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याला आमचे जंगल पाहायचे होते. आम्ही त्या गड्याला बरोबर घेतले. त्याच्या खटल्याच्या तारखा अजून पडतात, पुढची मार्चमध्ये होती. देवळाच्या वाटेने तिघे चढलो. भाच्याचे मराठी आता पातळ झाले आहे आणि गड्याला इंग्रजी येत नाही, पण खुरांचे ठसे पाहायला दोघे एकदमच खाली बसले. एकाने बोटाने दाखवायचे, दुसऱ्याने मान हलवायची. आम्ही मागे दम खात उभे. चारच्या सुमारास ओढ्याच्या अंगाला, सावली पडली होती त्या बाजूने, भेकर ओरडले. कुत्रा भुंकल्यासारखे, एकदा, मग पुन्हा. भाच्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला, जिथे तिकडे बंदुकीचा पट्टा असतो. गड्याने तो पाहिला असावा. त्याने ओढ्याकडे कान दिला, तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत थांबला, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "बिबट्या हाय तिकडं. चला खाली, त्याची जेवायची येळ झाली."